पर्पेच्युअल कॅलेंडर रोज हातात: आयडब्ल्यूसी पोर्तुगीजर वापरल्यानंतर

आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीचं हे घड्याळ कित्येक महिने रोज वापरतोय. पर्पेच्युअल कॅलेंडर म्हणजे महिना 28, 29, 30 की 31 दिवसांचा, हे स्वतःच ओळखून तारीख बदलणारं घड्याळ. डायल किती देखणी आहे यावर भरपूर लिहून झालंय. मला बोलायचंय ते आतल्या हिशेबाबद्दल, कारण पैसे त्याचेच मोजलेत.

फेब्रुवारी संपताना मुद्दाम लक्ष ठेवलं होतं. 28 झाली आणि सकाळी तारखेचा काटा थेट 1 वर, शेजारी मार्च, वारही बरोबर. ना बॅटरी, ना चिप. मुख्य यंत्र दर रात्री एका तरफेला एकदाच ढकलतं. तारीख, वार, महिना, वर्ष, चंद्र सगळं त्या एका धक्क्यावर चालतं. महिन्यांची चकती चार वर्षांत एक फेरी पुरी करते. तिच्या कडेला 48 महिन्यांचे उंचसखल टप्पे आहेत: 31 चा महिना उंच, 30 चा जरा खाली, फेब्रुवारीची खाच सगळ्यांत खोल, आणि चारांतल्या एका फेब्रुवारीची किंचित उथळ. तरफेचं टोक जितकं खाली उतरेल, तितक्या तारखा एका दमात ओलांडल्या जातात. स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनच्या, म्हणजे आयडब्ल्यूसीच्याच, कुर्ट क्लाउस या घड्याळजींनी 1985 च्या दा विंची या घड्याळासाठी हे सारं जेमतेम 80 सुट्या भागांत बसवलं. त्याआधी अशा घड्याळांच्या कडेला बारीक बटणं असायची, पिनेने टोचत बसा. इथे एकच क्राउन, म्हणजे कडेची फिरवायची कळ. तारीख पुढे घेतली की बाकीचे मुकाट मागोमाग येतात.

मात्र फक्त पुढेच. चुकून चार दिवस जास्त फिरलं, तर घड्याळ बंद ठेवून त्या तारखेची वाट बघायची, नाहीतर सर्व्हिस सेंटर गाठायचं. मध्यरात्रीच्या आसपास तर तारखेला हातच लावू नये.

घड्याळ थांबलंच नाही तर तारीख लावायची वेळच येत नाही, म्हणून मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे सात दिवसांची चावी. शुक्रवारी काढून ठेवलं तरी सोमवारी चालूच असतं. हाताच्या हालचालीने फिरून चावी देणारं वजन, म्हणजे रोटर, कुठल्याही बाजूला फिरो, पेलाटन नावाच्या पद्धतीचे दोन खटके आलटून पालटून चाक ओढतात, त्यामुळे हाताची थोडी हालचालही वाया जात नाही. किती चावी उरलीय ते डायलवर कळतं.

चंद्राची गंमत वेगळी. साध्या चंद्रकलेच्या घड्याळात चंद्राच्या चाकाला 59 दात असतात, दोन चांद्रमहिन्यांसाठी, म्हणजे महिना साडेएकोणतीस दिवसांचा धरलेला. पावणेतीन वर्षांच्या आतच एका दिवसाची चूक पडते. इथे तीच चूक पडायला 577.5 वर्षं लागतात. कोणाला तपासायचंय!

तक्रारी आहेतच. 44 मिमीच्या वरचा आकार बारीक मनगटावर शोभत नाही आणि शर्टाच्या बाहीत अडकतो. वर्षाची खिडकी चाळिशीनंतर चष्म्याशिवाय वाचता येत नाही. कातडी पट्टा आपल्या पावसाळ्यात घामाने वास मारायला लागतो. जून ते सप्टेंबर मी रबरी लावतो. आणि 2100 हे लीप वर्ष नाही हे या यंत्राला ठाऊक नाही, तेव्हा एकदा दुरुस्ती लागेलच. ती नातवंडांनी बघावी.

रोज एकच घड्याळ घालणाऱ्याने जरूर घ्यावं. पाच-सहा आलटून पालटून घालणाऱ्याने वाइंडरचा, म्हणजे न घातलेलं घड्याळ फिरवत चालू ठेवणाऱ्या पेटीचा, खर्चही धरावा.