न उघडलेल्या इंजिनाचे 21,800 रुपये

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाची उघडी पडेल. माझे 21,800 रुपये गेले आणि खरा बिघाड निघाला 430 रुपयांचा. गॅरेजचं नाव लिहीत नाही, वकिलांनी तूर्त नको म्हटलंय.

मे महिन्यातला गुरुवार. आईला अक्कलकोटला न्यायचं होतं. सोलापुरातच सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी थांबली आणि तापमानाचा काटा चढायला लागला. एसीतून गरम वारा. सिग्नल सुटला, गाडी पळाली, की काटा खाली. पुढच्या गर्दीत अडकलो की परत वर. हे नीट वाचा, कारण मी नीट बघितलं नाही. थांबली की तापते, पळाली की निवते, म्हणजे पहिला संशय रेडिएटरच्या पंख्यावर. पळत्या गाडीला वारा समोरून मिळतो, उभ्या गाडीला तो पंख्यानेच द्यायचा असतो. एसीलाही वारा त्याच पंख्याचा, म्हणून तोही बोंबलला होता. हे आज कळतंय. त्या दिवशी मागे 74 वर्षांची आई पदराने वारा घेत होती, बाहेर 43 अंश, आणि इंजिन जाम झालं तर काय, एवढंच डोक्यात. दिसलं त्या गॅरेजात गाडी घातली. तुम्हीही घातली असती.

मिस्त्रीने बॉनेट उघडलं, दोन मिनिटं वाकला आणि म्हणाला, "साहेब, गॅस्केट उडालंय. हेड उतरवावं लागतंय." (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याच्याखाली सांधा बंद ठेवणारी पातळ पट्टी.) मग डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, ओढून माझ्या नाकासमोर धरली. "हे बघा, ऑइलमध्ये पाणी मिसळलंय."

मी बघितलं. काडीवरचं ऑइल तपकिरी, स्वच्छ, काकवीसारखं होतं. पाणी मिसळलेलं ऑइल दुधाळ चहासारखं दिसतं, हे मला माहीत होतं. मेहुण्याच्या जीपचं तसं झालं तेव्हा मी शेजारी उभा होतो. तरी मी काय म्हणालो? "हो ना, दिसतंय." अठरा वर्षं गाडी चालवणारा माणूस, ओटीपी कुणाला देऊ नका म्हणून अख्ख्या ऑफिसला सांगणारा, मीच म्हणालो. समोरचा इतका ठाम होता की आपल्याला काही कळत नाही हे दिसायला नको म्हणून मान डोलावली. गॅस्केट गेलं की दर वेळी ऑइल दुधाळ होतंच असं नाही, कबूल. पण मग निदान सायलेन्सरातून पांढरा धूर हवा, नाहीतर गळती नसताना कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कमी व्हायला हवं, रेडिएटरमध्ये बुडबुडे यायला हवेत. माझ्या बाटलीतलं कूलंट खुणेवर होतं. तेही मी बघितलं होतं!

हिशेब असा : गॅस्केट किट 2,850, हेड फेसिंग 1,800, वॉटर पंप 2,400, थर्मोस्टॅट 1,150, कूलंट 1,200, ऑइल आणि फिल्टर 2,100, रेडिएटर सर्व्हिसिंग 1,300, मजुरी 9,000. त्यातले 5,000 यूपीआयने आगाऊ घेतले. क्यूआर कोडवर नाव गॅरेजचं नव्हतं, दुसऱ्याच कुणाचं होतं. तेव्हाच हात आखडायला हवा होता. उरलेले 16,800 रोख. बिल म्हणाल तर वहीच्या कागदावर. पक्कं बिल घेतल्याशिवाय एक रुपया सोडू नका, जीएसटीचे पैसे वाचतात म्हणून तर मुळीच नको.

चौथ्या दिवशी ट्रायलला त्याने गाडी विजापूर रोडला मोकळ्यावर नेली. 80 च्या वेगात म्हणतो, "काटा हलतोय का बघा." हलेल कसा? वारा लागत होता ना भरपूर! ट्रायल घ्यायची तर भर दुपारी, एसी लावून, गाडी जागेवर चालू ठेवून अर्धा तास घ्या.

गाडी घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी नवी पेठेत काटा पुन्हा वर. फोन बंद.

मग ओळखीच्या वायरिंगवाल्याकडे गेलो. त्याने इंजिन चालू केलं, एसी लावला. पंखा ढिम्म. फ्यूज बॉक्स उघडून हॉर्नचा रिले (वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) उपसला आणि पंख्याच्या रिलेच्या जागी दाबला. पंखा भर्रकन फिरला. रिले 280, मजुरी 150. (सगळ्या गाड्यांचे रिले सारखे नसतात, घरी हा उद्योग करू नका. आणि गरम रेडिएटरचं झाकण तर चुकूनही उघडू नका, आत दाबाखाली असतं, उकळतं पाणी तोंडावर येतं.)

मग त्याने हेडच्या कडेवर बोट फिरवलं. धूळ-तेलाची खरपुडी वर्षानुवर्षांची, बोल्टवर पान्याचा ओरखडासुद्धा नाही. "साहेब, हे कुणी उघडलेलंच नाही." मी डिकीतून 'तुमचं जुनं गॅस्केट' म्हणून दिलेली पिशवी काढली. त्याने ते उजेडात धरलं आणि हसायलाच लागला. सिलेंडरची भोकं चार. माझी गाडी तीन सिलेंडरची.

चौकीत अडीच तास बाकावर बसलो. "गाडी तुम्हीच दिली ना? पैसे तुम्हीच दिले ना? मग हा दिवाणी मामला." म्हटलं, साहेब, न केलेल्या कामाचे पैसे घेतलेत, दिवाणी कसला? तर म्हणे तज्ज्ञाचं लेखी आणा. वायरिंगवाला हात जोडून म्हणाला, "मला याच लायनीत धंदा करायचाय." परत चौकीत गेलो तर आदल्या दिवशीचे साहेब बंदोबस्तावर, नव्यांना पहिल्यापासून गोष्ट. अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का मागितला तर माझ्याकडे असं बघितलं, जणू किडनी मागितली. दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात गेलो, तिथे कळलं की गॅरेजवाले त्यांच्या अखत्यारीत नाहीत. मग कुणाच्या? "ते आम्हाला कसं माहीत असणार?" दोन रजा गेल्या त्या वेगळ्याच, त्यांचा हिशेब वरच्या आकड्यात धरलेला नाही.

वकिलांकडून एक कामाचं कळलं. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करता येते. पण पुरावा लागतो. माझ्याकडे वहीचा कागद, 5,000 चा स्क्रीनशॉट आणि चार भोकांचं गॅस्केट आहे. सोमवारी ते घेऊन वकिलांकडे जायचंय. आई रोज विचारते, अक्कलकोटला कधी न्यायचं.