मूडल + एलटीआय : मार्क दोनदा टाइप करायचं एकदाचं सुटलं

सांगलीत विश्रामबागला आमचा अकरावी-बारावीचा क्लास आहे, नोट्स मूडलवर (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर), टेस्ट दुसऱ्याच अॅपवर, आणि दर रविवारी बायको नि मी मार्क इकडनं तिकडं टाइप करत बसायचो. मार्कांची सीएसव्ही (साधी यादीची फाइल) काढून बघितली, तर एक्सेलात उघडल्यावर मराठी नावांचा पार चुथडा आणि रोल नंबर ००७ चा नुसता ७, मग मॅच कुठनं होणार!

जुन्या अॅपवाल्यांना (नाव नको) एलटीआयचं (मूडलसारख्याला बाहेरचं टूल जोडायची ठरलेली पद्धत) विचारलं तर "ते काय असतं सर?" म्हणले. सोडलं त्यांना. आता एलटीआय १.३ चालणारं टेस्टचं टूल मूडलला जोडलंय. पोरं मूडलमधनंच लिंक दाबतात, वेगळा पासवर्ड नाही, मार्क आपोआप ग्रेडबुकात, म्हणजे मूडलमधल्या मार्कांच्या वहीत. मूडल फुकट आहे, पण होस्टिंगचे पैसे पडतात.

सेटिंग मात्र डोकं खातं. क्लायंट आयडी, डिप्लॉयमेंट आयडी, कीसेट यूआरएल, म्हणजे दोघांची एकमेकांशी ओळख पटवणारे कोड नि लिंक, सगळं इकडचं तिकडं चिकटवायचं, आणि ग्रेड सर्व्हिस (मार्क मूडलला पाठवायची सोय) ऑन करायची राहिली म्हणून दोन दिवस मार्कच येईनात, मी आपला नेटला शिव्या देतोय. हजेरी अजून गूगल शीटमध्येच आहे, ती काय यात बसली नाही. चार स्टार.