पेनवाला स्वस्त पीएच मीटर, घ्यावा का?
गच्चीवर हायड्रोपोनिक्समधे (मातीशिवाय, पोषक पाण्यात) पालक नि लेट्यूस लावलंय, म्हणून पाण्याचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी) मोजायला हा ऑनलाइन मागवला. आल्या आल्या पाण्यात बुडवला तर आकडा काहीतरीच, मग सोबतच्या ठरावीक पीएचच्या पावडरच्या पुड्या वेगवेगळ्या 250 मिली डिस्टिल्ड वॉटरमधे विरघळवून आधी 6.86 नि मग 4.01 ला कॅलिब्रेट केला (म्हणजे आकडा त्या पाण्याशी जुळवून घेतला) तेव्हा कुठे ताळ्यावर आला. दर पंधरा दिवसांनी करावंच लागतं, आकडा सरकतो. आणि प्लीज टोकाचा काचेचा बल्ब सुकू देऊ नका, डिस्टिल्ड वॉटरमधे पण ठेवू नका, टोपणात पोटॅशियम क्लोराइडचं स्टोरेज सोल्युशन थोडंसं टाका, माझा आधीचा मीटर कोरडा राहूनच वाया गेला. दाखवतो 0.01 पर्यंत, पण तेवढा अचूक नसतो हो. मला 5.5 ते 6.5 मधे पाणी ठेवायचंय, तेवढ्याला मस्त आहे.