रामबागेतलं कात्रणांचं वाचनालय : निवडणूक एका देशाची, प्रतिक्रिया साऱ्या जगाच्या

इंदूरमध्ये स्पर्धा परीक्षेचा अभ्यास म्हटलं की मुलं भंवरकुआकडे वळतात. तिथे गल्लोगल्ली ‘लायब्रऱ्या’ आहेत. खुर्ची, एसी, वायफाय सगळं मिळतं, वाचायचं मात्र आपलं आपण न्यायचं. रामबागेतलं हे वाचनालय त्या जातीचं नाही. जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, महिन्याला तीनशे रुपये, पाचशे अनामत. मराठी कादंबऱ्या आणि दिवाळी अंक भरपूर आहेत, पण मी त्यांच्यासाठी जात नाही. मी राज्यसेवेच्या मुलांना आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते आणि इथे जाते ती कात्रणांच्या कपाटासाठी. त्यातही ‘वादग्रस्त निवडणुका’ लिहिलेल्या खणासाठी.

वाचनालय चालवणारे काका बँकेतून निवृत्त झालेले. हिंदी, इंग्रजी, मराठी अशी वर्तमानपत्रं रोज स्वतः कापतात, मागे तारीख घालतात, आणि दर फाईलच्या पहिल्या पानावर हाताने एक तक्ता आखतात. त्याचे रकाने चार : तारीख, कोण काय बोललं, त्यांनी प्रत्यक्ष काय केलं, आणि त्यांचं तिथे काय अडकलं आहे. बोलणं आणि करणं वेगळ्या रकान्यांत ठेवणं हीच या सेवेची खरी किंमत आहे. बाजारात मिळणाऱ्या करंट अफेअर्सच्या पुस्तिकांत ‘रशिया-चीन पाठिंबा, अमेरिका-युरोप विरोध’ अशी एक ओळ असते. मुलं ती पाठ करतात आणि मुलाखतीत पुढच्याच प्रश्नाला अडकतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण रस्त्यावर उतरलेल्या माणसांच्या आयुष्याचा प्रश्न त्या एका ओळीत मावत नाही.

पहिल्यांदा जाल तेव्हा ‘व्हेनेझुएला २०२४’ मागा. २८ जुलैला मतदान झालं, आणि मध्यरात्रीनंतर निवडणूक मंडळाने तेव्हाचे अध्यक्ष मादुरो यांना ५१.२ टक्के, विरोधकांचे उमेदवार एडमुंडो गोन्सालेस यांना ४४.२ टक्के मतं जाहीर केली. केंद्रनिहाय आकडे दिलेच नाहीत. विरोधकांनी ऐंशी टक्क्यांहून जास्त केंद्रांची मोजणीपत्रकं गोळा करून सगळ्यांसमोर मांडली. त्यांत गोन्सालेस यांना सुमारे ६७ टक्के मतं होती. आपल्याकडे निवडणूक ड्युटी केलेल्यांना इथे एक फरक लक्षात घ्यावा लागतो. आपला केंद्राध्यक्ष मतदान संपल्यावर पोलिंग एजंटला फॉर्म १७-सी ची प्रत देतो, पण त्यात एकूण मतं किती पडली एवढंच असतं. कोणाला किती, ते मोजणीच्या दिवशी कळतं. व्हेनेझुएलात यंत्र केंद्रावरच उमेदवारनिहाय आकडे छापतं आणि तिथे बसलेल्या प्रतिनिधींना त्याची प्रत मिळते. त्यामुळे ‘पत्रकं दाखवा’ ही मागणी इतकी नेमकी होती. काकांनी तक्त्याच्या खाली हे पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे, आणि मी वर्गात सुरुवात तिथूनच करते.

मग तारखा बघत खाली या. २९ जुलैला काराकासच्या पेतारेसारख्या गरीब वस्त्यांतून लोक भांडी वाजवत बाहेर पडले, मादुरो यांच्या आधीचे अध्यक्ष चावेझ यांचे पुतळे पाडले गेले. त्याच दिवशी रशिया, चीन, इराण, क्युबा यांची अभिनंदनं येऊन पोचली, आणि त्याच दिवशी मादुरो सरकारने अर्जेंटिना, चिली, पेरू, पनामा, उरुग्वे, कोस्टारिका आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक या सात देशांना मुत्सद्दी परत न्यायला सांगितलं. ३० जुलैला निरीक्षक म्हणून गेलेल्या कार्टर सेंटर या अमेरिकी संस्थेने ही निवडणूक आंतरराष्ट्रीय निकषांत बसत नाही असं सांगितलं. ३१ जुलैला उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या संघटनेत (ओएएस) पत्रकं जाहीर करायला सांगणारा ठराव आला. बाजूने १७, विरोधात एकही नाही, ११ तटस्थ, ५ गैरहजर. हवी होती १८ मतं. ठराव पडला. तटस्थांत ब्राझील आणि कोलंबिया, गैरहजरांत मेक्सिको. आणि दुसऱ्याच दिवशी, १ ऑगस्टला, याच तिघांनी एकत्र निवेदन काढून केंद्रनिहाय आकडे मागितले!

ही ओळ आली की मुलं चक्रावतात. ‘मॅडम, मग ते नक्की कोणाच्या बाजूने?’ तेव्हा चौथा रकाना कामाला येतो. कोलंबियात व्हेनेझुएलातून आलेले सुमारे २८ लाख लोक राहतात. तिथे आग भडकली तर पुढचा लोंढा कोलंबियाच्याच दारात येणार. बोलणी चालू ठेवायची असतील तर दार आपटून चालत नाही, हा त्यांचा हिशेब. मला तो हिशेब पुरेसा वाटत नाही, एका मताने ठराव पडल्याचं दुःख आहेच, पण तो समजल्याशिवाय टीका करू नये. त्याच १ ऑगस्टला काराकासमधल्या अर्जेंटिनाच्या वकिलातीची जबाबदारी ब्राझीलने घेतली. आत विरोधी पक्षाची माणसं आश्रयाला होती, आणि ब्राझीलचे अध्यक्ष लूला व अर्जेंटिनाचे अध्यक्ष मिलेई यांचं एकमेकांशी अजिबात जमत नव्हतं. तरी वकिलातीवर ब्राझीलचा झेंडा चढला आणि मिलेई यांनी जाहीर आभार मानले. अमेरिकेचा रकानाही नीट वाचा : १ ऑगस्टला तेव्हाचे परराष्ट्रमंत्री ब्लिंकन म्हणाले की गोन्सालेस जिंकल्याचे भरभक्कम पुरावे आहेत; शेव्हरॉन या अमेरिकी कंपनीची तिथे तेल काढायची परवानगी मात्र तशीच राहिली. भारताच्या रकान्यात काकांनी फक्त ‘जामनगर’ लिहिलं आहे. व्हेनेझुएलाचं जड तेल शुद्ध करू शकणाऱ्या मोजक्या रिफायनऱ्यांत तिथली रिफायनरी आहे, एवढं सांगितलं की मुलांना पुढचं सुचतं.

‘बेलारूस २०२०’ मध्ये वेगळी गोष्ट दिसते : इच्छा असूनही होणारा उशीर. ९ ऑगस्टला मतदान, अध्यक्ष लुकाशेन्को यांना अधिकृत ८० टक्के, १० ऑगस्टलाच शी जिनपिंग आणि पुतिन यांची अभिनंदनं. १९ ऑगस्टला युरोपीय संघाने निकाल मानत नाही असं सांगितलं. २३ ऑगस्टला लिथुआनियात विल्नियसपासून बेलारूसच्या सीमेपर्यंत लोकांनी हातात हात घालून साखळी केली. हे कात्रण फोटोसकट आहे आणि मला या खणातलं सर्वांत प्रिय आहे, कारण ही प्रतिक्रिया सरकारची नाही, शेजाऱ्यांची आहे. पण निर्बंध? ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागले. सायप्रस अडून बसला होता : तुर्कस्तानविरुद्धही पावलं उचला, मगच आमची संमती. मिन्स्कमध्ये माणसं मार खात होती आणि कागद भूमध्य समुद्रातल्या एका भांडणात अडकला होता. पहिल्या ४० नावांत लुकाशेन्को नव्हते. त्यांचं नाव नोव्हेंबरमध्ये आलं. ब्रिटन आणि कॅनडाने मात्र २९ सप्टेंबरलाच त्यांना यादीत घातलं होतं. तोवर १४ सप्टेंबरला सोचीत पुतिन यांनी दीड अब्ज डॉलरचं कर्ज कबूल करून टाकलं होतं. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की कोणाची मदत वेळेवर पोचली ते दिसतं.

‘इराण २००९’ ची फाईल जाड आहे, कागद पिवळे पडलेत. १२ जूनचं मतदान, तेव्हाचे अध्यक्ष अहमदीनेजाद यांना सुमारे ६३ टक्के, १५ जूनला तेहरानमध्ये लाखोंचा मोर्चा. दुसऱ्याच दिवशी अहमदीनेजाद रशियात येकातेरिनबर्गला शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीत हजर. तेव्हा आपले पंतप्रधान मनमोहन सिंगही त्याच गावात होते. ब्राझील, रशिया, भारत, चीन यांची पहिली ब्रिक परिषद तिथेच झाली. ओबामा सुरुवातीला जपून बोलले. त्यामागे १९५३ होतं : इराणमधलं निवडून आलेलं मोसादेक सरकार पाडण्यात अमेरिकेचा हात होता, आणि स्वतः ओबामांनी मतदानाच्या आठवडाभर आधी कैरोच्या भाषणात ते मान्य केलं होतं. अमेरिकेने जोराने बोलावं तर आंदोलकांवर ‘परक्यांचे हस्तक’ असा शिक्का बसणार. गप्प राहावं तर ते एकटे पडणार. ४ नोव्हेंबरला तेहरानच्या रस्त्यावर घोषणा आली, ‘ओबामा, एक तर त्यांच्याबरोबर राहा, नाही तर आमच्याबरोबर.’

ही घोषणा मी दुसरीकडे वाचलेली, फाईलमध्ये नाही. आणि या सेवेबद्दल माझी मोठी तक्रार तीच आहे. तक्त्यात राजधान्या आहेत, रस्ता नाही. बाहेरच्यांनी काय करावं असं त्या लोकांना स्वतःला वाटत होतं, याला रकानाच नाही. बेलारूसमधल्या विरोधी उमेदवार तिखानोव्स्काया यांनी युरोपच्या बैठकीआधी ‘हा निकाल मानू नका’ असं चित्रफितीतून थेट आवाहन केलं होतं. ते कात्रण आहे, पण दुसऱ्या बातमीच्या पाठीला चिकटलेलं. मी काकांना पाचवा रकाना घालायला सांगितलं. ते म्हणाले, ‘ताई, तुम्हीच घाला, मी पट्टी देतो.’ व्हेनेझुएलाच्या फाईलमध्ये घातला आहे, बाकीच्यांत जमेल तसा घालणार आहे.

‘युक्रेन २००४’ तशी बारीक फाईल आहे, पण वगळू नका. निकालावरून लोक रस्त्यावर उतरले तेव्हा पोलंड आणि लिथुआनियाच्या अध्यक्षांनी, युरोपीय संघाचे परराष्ट्र धोरण पाहणाऱ्या सोलाना यांनी मध्यस्थी केली, आणि ३ डिसेंबरला युक्रेनच्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरमतदान सांगितलं. बाहेरचा दबाव आणि आतलं न्यायालय दोन्ही जुळून आलं असं उदाहरण या खणात हे एकच आहे. जॉर्जिया २०२४ ची कात्रणं पाकिटात पडून आहेत, तक्ता व्हायचा आहे.

बाकी किरकोळ. खुर्च्या लाकडी, पाठ दुखते. पंखा एक, मे महिन्यात सकाळीच जावं. चहा काकू करतात, त्याचे पैसे घेत नाहीत. फायली घरी नेता येत नाहीत आणि टेबलावर पेन चालत नाही, पेन्सिल न्या. मोबाईलने फोटो काढू देत नाहीत. झेरॉक्स हवी असेल तर पान नंबर आदल्या दिवशी चिठ्ठीवर लिहून द्यावे लागतात, काका स्वतः जाऊन काढून आणतात. पाचपैकी साडेचार. पाचवा रकाना सगळ्या फायलींत आला की उरलेला अर्धाही देईन.