धुळ्यातील अभ्यासवर्ग : इंग्लंडच्या गादीचा वारस कोण?

धुळ्यातील एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मे महिन्यात चार रविवार मध्ययुगीन इंग्लंडच्या राजवारशावर अभ्यासवर्ग झाला. दर वेळी दोन तास, शुल्क ६०० रुपये आणि सोबत छापील टिपणे. पहिल्या दोन रविवारांतच माझे पैसे वसूल झाले.

थोरल्या मुलाने गादीवर बसायचे हा तिथला पूर्वापार नियम असावा, ही माझी समजूत पहिल्याच तासाला मोडली. १०६६ च्या जानेवारीत इंग्लंडचा राजा एडवर्ड निपुत्रिक वारला, तेव्हा त्याचा मेहुणा हॅरल्ड सरदार आणि धर्मगुरूंच्या पसंतीवर राजा झाला. ऑक्टोबरात तो हेस्टिंग्जच्या लढाईत पडला आणि नाताळच्या दिवशी लढाई जिंकणाऱ्या नॉर्मंडीच्या विल्यमला अभिषेक झाला. ११०० मध्ये त्याचा मुलगा राजा विल्यम रूफस शिकारीत बाण लागून मेला, त्या वेळी थोरला भाऊ रॉबर्ट धर्मयुद्धाहून परतीच्या वाटेवर होता. तेवढ्यात धाकट्या हेन्रीने विंचेस्टरचा खजिना ताब्यात घेऊन तीन दिवसांत अभिषेक उरकला. कोण किती दिवसांत कुठे पोहोचू शकत होता, हे शिक्षकांनी नकाशावर इतके नेमके मांडले की वहीत लिहायचे राहून गेले.

टिपणांबद्दल मात्र तक्रार आहे. हेन्रीने मुलगी मटिल्डा हिच्या वारशासाठी सरदारांकडून शपथ घेतली होती, तरी ११३५ मध्ये तो वारताच स्टीफनने गादी बळकावली. टिपणांत हा स्टीफन हेन्रीचा ‘पुतण्या’ म्हणून छापला आहे. तो भाचा होता, बहीण अ‍ॅडेलाचा मुलगा. इंग्रजीत दोघांना शब्द एकच, म्हणून चूक झाली असणार. पण येथे ती क्षुल्लक नाही, कारण स्त्रीला राज्य देण्यास नाखूश असलेल्या सरदारांनी ज्याला बसवले, त्याचा हक्कही आईकडूनच आलेला होता. अखेर ११५३ च्या तहात स्टीफनने मरेपर्यंत राज्य करावे आणि त्याच्यामागे मटिल्डाच्या मुलाने, असे ठरले.

हाच धागा चौथ्या रविवारी पुन्हा हाती घ्यायला हवा होता. १३९९ मध्ये रिचर्ड दुसरा याला पायउतार करून हेन्री चौथा आला, तेव्हा स्त्रीच्या वंशातून हक्क सांगता येईल असा एडमंड मॉर्टिमर हा लहान मुलगा बाजूला पडला. १४६० मध्ये त्याच्याच भाच्याने, यॉर्कच्या रिचर्डने, तो हक्क संसदेपुढे मांडला आणि तोड निघाली ती जवळजवळ ११५३ सारखीच. हे सगळे वीस मिनिटांत आटोपले. त्याच १३९९ मध्ये खानदेशचा शासक मलिक राजा फारुकी वारला आणि राज्याची लळिंग व थाळनेर अशी दोन मुलांत वाटणी झाली. लळिंगचा किल्ला धुळ्याच्या वेशीवर असताना त्याचे नावही निघाले नाही.

टिपणे दुरुस्त करून आणि पंधराव्या शतकाला दोन रविवार देऊन वर्ग पुन्हा घेतला, तर मी पुन्हा शुल्क भरीन. जाणाऱ्यांनी लवकर जाऊन पुढे बसावे. मागच्या रांगेत कूलरच्या आवाजापुढे काही ऐकू येत नाही.