आमच्या गावची डाळ मिल : 2 क्विंटल तुरी अन् 7 बायांचं काम

फेब्रुवारीत 2 क्विंटल तुरी घेऊन गावातल्या बचत गटाच्या मिलवर गेलो. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. आजवर तुरी बाजारात विकायच्या अन् डाळ किराण्यातून आणायची, असंच चालायचं.

मशीन अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं काढलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल. एका खोलीत मावते, पण निम्मं काम खोलीबाहेर हातानंच होतं. आधी चाळून खडे-माती काढतात. मग रोलरमधून एक फेरी, त्यानं टरफलाला चरे पडतात. तेल चोळून ढीग रात्रभर झाकायचा, मग ताडपत्रीवर ऊन द्यायचं, म्हणजे टरफल सुटतं. एक वयस्कर बाई अनवाणी पायानं तुरी उलथवत होत्या. एक दाणा दाताखाली फोडून म्हणाल्या, "भाऊ, आज नाही निघत. आखीन एक ऊन पायजे." मला घाई होती, त्यांनी ऐकलं नाही. बरंच झालं. क्विंटलमागे 72 किलो डाळ मिळाली, चुरा अगदी कमी. पॉलिश नसल्यानं दिसायला फिकी, पण वरण शिजलं की घरभर वास सुटतो. चुनी (टरफल अन् चुरा) गायीला गेली. डाळ करून द्यायचा दर किलोला 8 रुपये.

मिलवर 7 बाया कामाला आहेत. गटानं पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून कर्ज काढलं. त्यात 35 टक्के अनुदान होतं, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत. माझा मोठा मुलगा नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका मोठ्या कारखान्यात ठेकेदाराकडून लागलाय. त्याचा पगार या बायांच्या मजुरीच्या दुपटीहून जास्त, पीएफही कटतो, बारा महिने काम. ते खरंच आहे. पण खोलीभाडं अन् खानावळ देऊन घरी किती येतं, ते मी दर महिन्याला पाहतो. अन् घर, ढोरं, लेकरं सोडून या बाया बुटीबोरीला कशा जाणार? मोठी कंपनी येईल, गावाला काम लागेल, हे मी 20 वर्षांपासून ऐकतोय. आमच्या गावात नवीन काम आलं ते या एका खोलीतून.

उणीव एकच, पण मोठी. पाऊस लागला की वाळवण बंद, अन् बाया परत निंदणाला. ड्रायर बसला तर त्यांना पावसाळ्यातही काम राहील. गटानं ते मनावर घ्यावंच.

नंबर लागायला मला 12 दिवस लागले, तेव्हा होळीच्या आधीच सांगून ठेवा. कट्ट्यावर (पोत्यावर) नाव घालून न्या, आपल्याच तुरीची डाळ परत मिळते.