ई-वन टेस्टर : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

हातात धरता येईल एवढा हा दोन पोर्टचा टेस्टर मी गेल्या पावसाळ्यापासून सेकंदाला २.०४८ मेगाबिटच्या ई-वन लिंक (टेलिफोनचे अनेक कॉल एकत्र नेणाऱ्या डिजिटल लाइन) तपासण्यासाठी वापरत आहे. बिटची एरर आणि दोन टोकांच्या क्लॉकच्या (बिटांचा वेग ठरवणाऱ्या घड्याळांच्या) फरकामुळे होणारी स्लिप, म्हणजे बिट गळणे किंवा दोनदा वाचले जाणे, तो वेगवेगळी ओळखून दाखवतो, आणि माझ्या मते या यंत्राची किंमत त्यातच वसूल होते.

नेहमीची तपासणी सरळ आहे. समोरच्या टोकाला लूप टाकायचा, म्हणजे पाठवलेले बिट तिथूनच परत येतील असे जोडायचे. मग टेस्टर ३२,७६७ बिटांनंतर पुन्हा सुरू होणारा, वरवर विस्कळीत दिसणारा ठरावीक क्रम पाठवतो आणि परत आलेला प्रत्येक बिट स्वतःकडच्या प्रतीशी ताडून पाहतो. मध्येच एखादा बिट गळला, तर पुढचा सगळा क्रम सरकतो आणि जवळपास निम्मे बिट चुकीचे भासू लागतात. अशा वेळी हे यंत्र एररचा आकडा फुगवत न बसता क्रम तुटल्याची वेगळी नोंद करते आणि पुन्हा जुळवून घेते. मात्र पाच मिनिटांत एकही एरर आली नाही म्हणून लिंक उत्तम ठरवण्याची पद्धत मला मान्य नाही, कारण एररचे प्रमाण एक अब्ज बिटांत एकाहून कमी आहे असे ९५ टक्के खात्रीने म्हणायचे असेल, तर सुमारे तीन अब्ज बिट निर्दोष परत यावे लागतात आणि या वेगाला त्यासाठी जवळजवळ २५ मिनिटे लागतात.

एका ग्राहकाची लिंक लूपवर रात्रभर स्वच्छ चालत असे, तरी फॅक्स मध्येच तुटत. लूप टाकताना ग्राहकाचे एक्स्चेंज (त्याच्याकडचे फोन जोडणारे यंत्र) बाजूला पडत होते आणि दोष नेमका तिथेच होता. मग चालू लिंकवरच, मॉनिटर पॉइंटवरून (लाइन न तोडता सिग्नल पाहण्याच्या जागेवरून), एका पोर्टवर आमच्या नेटवर्ककडून येणारी लाइन आणि दुसऱ्यावर एक्स्चेंजकडून येणारी लाइन घेतली. दोन्ही बाजूंचे सीआरसी-४ (लाइनवरच्या चुका पकडण्यासाठी सोबत पाठवलेले तपासणी-बिट) निर्दोष होते. वारंवारतेत मात्र सुमारे ५ पीपीएमचा (दहा लाखांत पाच) फरक दिसला. एवढ्या फरकाने दर २५ सेकंदांना २५६ बिटांची एक अख्खी फ्रेम (बिटांचा ठरावीक गट) गळते किंवा दोनदा वाचली जाते. बोलताना ते फारसे जाणवत नाही. फॅक्सला ते सोसत नाही. एक्स्चेंज स्वतःच्या क्लॉकवर चालत होते. त्याला लाइनवरून क्लॉक घ्यायला लावल्यावर स्लिप थांबल्या.

उणिवाही आहेत. उन्हात पडदा नीट वाचता येत नाही, बॅटरी जुनी होत चालल्याचे जाणवते, आणि लाइनवर सीआरसी-४ नसताना सेटिंग तसेच राहिले तर यंत्र विनाकारण अलार्म दाखवते. ७५ आणि १२० ओहम अशी दोन्ही जोडणी दिलेली आहे, ही मोठी सोय.

घेणार असाल तर दोन पोर्टचेच मॉडेल घ्यावे. एका पोर्टच्या यंत्रात लाइनची तुलना फक्त आतल्या क्लॉकशी होते, आणि तो स्वतःच काही पीपीएम सरकलेला असू शकतो.